पडद्याच्या आजाराला शिबिर पुरत नाही

प्रति,
गोव्याच्या सार्वजनिक आरोग्यसेवेचं धोरण आणि अंदाजपत्रक ठरवणाऱ्यांस

स. न. वि. वि.

नेत्रशिबिर झालं की आकडे जाहीर होतात. किती जण तपासले, किती चष्मे वाटले, किती जणांना मोतीबिंदू काढायला पाठवलं. या आकड्यांशेजारी आणखी दोन रकाने असावेत असा आमचा आग्रह आहे. किती जणांच्या डोळ्याचा पडदा, म्हणजे रेटिना, पाहिला, हा एक. आणि ज्यांच्या पडद्यात दोष सापडला त्यांतले किती जण महिन्याभरात लेसरपर्यंत किंवा इंजेक्शनपर्यंत पोचले, हा दुसरा. पत्र आपल्याला आहे, पण उघड लिहितो आहोत, कारण यातली अर्धी माहिती रुग्णाच्या घरात असायला हवी.

आम्ही गोव्यात पडद्याच्या आजारांचं काम करणारी माणसं आहोत. थेंब घालणारी, फोटो काढणारी, लेसर करणारी, इंजेक्शन देणारी. उशिरा आलेल्या माणसाला ‘गेलेली नजर परत येणार नाही’ हे आम्हालाच सांगावं लागतं. त्यातले बरेच जण वेळेवर आले असते तर हे वाक्य लागलंच नसतं. म्हणून गप्प बसवत नाही.

देशात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1976 साली सुरू झाला आणि त्याचा भर मोतीबिंदूवर राहिला. तेव्हा ते योग्यच होतं. मोतीबिंदूचं काम एका ऑपरेशनात उरकतं, माणूस दुसऱ्या दिवशी पट्टी काढून घरी जातो. पडद्याचा आजार तारखांवर चालतो. आजची तपासणी, महिन्याने इंजेक्शन, तीन महिन्यांनी पुन्हा फोटो. दोन तारखांच्या मधे माणूस सुटला की नजर सुटते, आणि शिबिराच्या मांडणीत दुसरी तारीखच नसते.

भाषेतला एक घोटाळाही इथे सांगायला हवा, कारण त्याने खरोखर नुकसान होतं. आपल्याकडे ‘डोळ्यावर पडदा आला’ म्हणजे मोतीबिंदू. डॉक्टर ‘पडदा खराब आहे’ म्हणतात तेव्हा मात्र त्यांच्या मनात रेटिना असतो, म्हणजे डोळ्याच्या मागच्या आतल्या भिंतीवरचा पातळ थर, ज्यावर चित्र उमटतं. ऐकणाऱ्याला वाटतं, मोतीबिंदूच आहे, पिकला की काढू. तो ‘पिकण्याची’ वाट पाहत घरी बसतो. आपल्या पत्रकांत, फलकांवर आणि आरोग्यसेविकांच्या प्रशिक्षणात हा फरक पहिल्या ओळीत यावा: मोतीबिंदूचं काम थांबू शकतं, पडद्याचं थांबत नाही.

आता तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी, मधुमेहाची. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाले. त्यांत देशात प्रौढांमधलं मधुमेहाचं प्रमाण 11.4 टक्के होतं आणि गोव्यात 26.4 टक्के, सगळ्या राज्यांत सर्वाधिक. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका राष्ट्रीय पाहणीनुसार चाळिशीपुढच्या मधुमेहींपैकी सुमारे 12.5 टक्के लोकांच्या पडद्यावर मधुमेहाचा परिणाम झालेला असतो आणि सुमारे 4 टक्क्यांची नजर धोक्यात असते. हे प्रमाण धरलं तर ज्या आरोग्य केंद्रात असे 500 मधुमेही गोळ्या न्यायला येतात, तिथल्या रांगेत नजर जाण्याच्या बेतात असलेले वीसेक जण उभे असतात. त्यांना काही जाणवत नसतं. साखरेने पडद्यातल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांची भिंत कमजोर होते, तिला बारीक फुगे येतात, त्यांतून पाणी आणि चरबी झिरपते. हे मधल्या भागात, म्हणजे पीतबिंदूत झालं तर वाचताना अक्षर वाकडं दिसतं. कडेला झालं तर वर्षानुवर्षं काहीच कळत नाही. पुढे रक्तपुरवठा तुटलेला पडदा नव्या रक्तवाहिन्या वाढवायचा संदेश सोडतो. त्या वाहिन्या ठिसूळ असतात. एखाद्या सकाळी त्यांतली एक फुटते आणि डोळ्यासमोर काळी जाळी पसरते. तेव्हा माणूस पहिल्यांदा डोळ्यांच्या डॉक्टरकडे येतो.

म्हणून टाइप 2 मधुमेहात निदान झालं त्याच वेळी पडदा पाहायचा आणि पुढे दरवर्षी. टाइप 1 मध्ये निदानानंतर पाच वर्षांच्या आत सुरुवात करायची. आधीपासून मधुमेह असलेली स्त्री गरोदर राहिली तर पहिल्या तिमाहीतच, कारण गरोदरपणात हा आजार झपाट्याने वाढू शकतो. हे नियम सगळ्यांना पाठ आहेत. अडतं ते थेंबांवर. बाहुली मोठी करणारे थेंब घातले की चार-पाच तास जवळचं धूसर दिसतं, ऊन सहन होत नाही, स्कूटर चालवता येत नाही. सोबत कुणीतरी लागतं, दोघांचा दिवस जातो. सत्तरी किंवा काणकोणातून बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात यायचं तर बस बदलत येणं आणि तसंच परत जाणं. काजूच्या हंगामात हे कोण करणार? बिनथेंबांचा फंडस कॅमेरा, म्हणजे पडद्याचा फोटो काढणारं यंत्र, याच अडचणीवर उपाय आहे. अंधाऱ्या खोलीत पाच मिनिटं बसवून प्रत्येक डोळ्याचे 45 अंशांचे दोन फोटो काढायचे, एक पीतबिंदू मध्ये धरून, एक दृष्टीच्या नसेचं तोंड मध्ये धरून. हे काम शिकवलेली परिचारिका उत्तम करते, आणि फोटो वाचायला आता संगणकाचीही मदत होते.

पण कॅमेरा घेतला म्हणजे काम झालं असं धरू नका. साखळी तीन ठिकाणी तुटते. लहान बाहुली किंवा मोतीबिंदू असला की फोटो धूसर येतो आणि ‘काही दिसलं नाही’ याचा अर्थ ‘दोष नाही’ असा लावला जातो. धूसर फोटो हा दोष सापडल्यासारखाच धरून थेंब घालून तपासायला पाठवला पाहिजे. दुसरं, अहवाल डोळ्यांच्या विभागात राहतो आणि साखरेच्या गोळ्या देणाऱ्याला कळतच नाही. तिसरं, ‘पुढे दाखवा’ असं लिहून चिठ्ठी देतात, तिच्यावर ना तारीख ना ठिकाण. आमचं म्हणणं साधं आहे. मधुमेहाच्या गोळ्यांची जी वही रुग्ण दरमहा आणतो, तिच्या पहिल्या पानावर पडदा तपासल्याची तारीख, निकाल आणि पुढची तारीख अशा तीन चौकटी छापा. गोळ्या देणाऱ्याने दर वेळी त्या चौकटींकडे पाहायचं, इतकंच.

दुसरी तक्रार मोतीबिंदूच्याच कामातली. मधुमेही माणसाचा मोतीबिंदू काढण्याआधी पडदा पाहिला नाही आणि पीतबिंदूला आधीच सूज असली, तर ऑपरेशननंतर ती वाढू शकते. भिंग छान बसलेलं, टाके नाहीत, डोळा पांढरा स्वच्छ, आणि माणूस म्हणतो, ‘आधी बरं दिसत होतं.’ गावात बोलबाला होतो की ऑपरेशन बिघडलं, मग पुढचे चार जण येत नाहीत. मोतीबिंदूतून पडदा दिसत असेल तर थेंब घालून पाहा, शक्य असेल तर ओसीटी (पडद्याच्या थरांचा प्रकाशाने घेतलेला छेद) काढा, मुळीच दिसत नसेल तर बी-स्कॅन सोनोग्राफी करा. सूज सापडली तर आधी किंवा ऑपरेशनसोबत तिचा इलाज करा. शिबिराच्या घाईत ही पायरी गळते.

तिसरी तक्रार उपचारांची. त्यांच्याबद्दल आधी थोडं समजावून सांगावं लागेल, कारण मंजुरी देणाऱ्यांच्या मनात चित्र स्पष्ट नसलं की कागद अडतात.

नव्या ठिसूळ वाहिन्या आल्या असतील तर पडद्याच्या कडेकडेने लेसर करतात. नेहमीच्या पद्धतीत 1200 ते 1600 ठिपके, दोन-तीन बैठकांत. लेसरने नजर सुधारत नाही, आहे ती टिकते. रात्री थोडं कमी दिसू लागतं, बाजूचं थोडं आकसतं. हे आधी सांगितलं नाही तर रुग्ण अर्ध्यातच सोडतो. पीतबिंदूच्या सुजेला मात्र डोळ्यात इंजेक्शन देतात: बेव्हासिझुमॅब 1.25 मिलिग्रॅम, रॅनिबिझुमॅब 0.5 मिलिग्रॅम किंवा अफ्लिबरसेप्ट 2 मिलिग्रॅम, प्रत्येकी 0.05 मिलिलीटर. बुबुळाच्या कडेपासून साडेतीन ते चार मिलिमीटरवर, बारीक सुईने, काही सेकंदांत. सुरुवातीला दरमहा, पहिल्या वर्षात साधारण आठ-दहा, पुढच्या वर्षी कमी. तिन्ही औषधांची थेट तुलना करणारा मोठा अभ्यास 2015 साली आला. नजर फारशी उतरलेली नसेल तर वर्षअखेर तिन्हींचा परिणाम जवळपास सारखा होता. नजर 6/15 (इतरांना 15 मीटरवरून दिसतं ते 6 मीटरवरून दिसणं) किंवा त्याहून वाईट असेल तर अफ्लिबरसेप्ट सरस ठरलं. म्हणजे सगळ्यांना महागडंच औषध लागतं असं नाही, आणि सगळ्यांना स्वस्तावर भागवावं असंही नाही. भारतात 2015 पासून रॅनिबिझुमॅबचं देशी बायोसिमिलर (मूळ जैविक औषधासारखं बनवलेलं औषध) मिळतं, त्यानेही खर्च उतरला आहे.

आता अडचणी. दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजना किंवा कुठलीही विमा योजना घ्या, तिचा साचा ‘एक आजार, एक भरती, एक बिल’ असा असतो. पडद्याच्या इंजेक्शनाला भरती लागत नाही आणि ते एकदा देऊन भागत नाही. विमा नियामकाने 2019 च्या सूचनांत डोळ्यातल्या इंजेक्शनांचा समावेश आधुनिक उपचारांच्या यादीत केला होता, म्हणजे खाजगी आरोग्य विम्यातूनही ती सरसकट वगळता येत नव्हती. रुग्णांना हे कुणी सांगत नाही. सरकारी योजनेत मंजुरी द्यायची तर एकेका इंजेक्शनाला नको, सहा महिन्यांच्या क्रमाला द्या. तिसरं इंजेक्शन कागदासाठी दोन महिने लांबलं तर पहिल्या दोनांचा खर्चही पाण्यात जातो, सूज पुन्हा मूळ जागी येते.

आणखी एक निवड अशी आहे जी डॉक्टराने एकट्याने करू नये, व्यवस्थेने तिला आधार द्यावा. ठिसूळ वाहिन्यांवर इंजेक्शनही चालतं. पण फक्त इंजेक्शनांवर ठेवलेला रुग्ण मध्येच यायचा बंद झाला तर त्याचे परिणाम लेसर झालेल्या रुग्णापेक्षा वाईट निघतात, पडदा ओढला जाऊन सुटू शकतो. जिथे माणूस चतुर्थीनंतर येईलच याची खात्री नाही, तिथे लेसर आधी. त्यासाठी लेसर यंत्र प्रत्येक जिल्ह्यात चालू स्थितीत हवं, आणि ते चालवणारा माणूस ठरलेल्या वारी तिथे हवा. नादुरुस्त यंत्राची दुरुस्ती किती दिवसांत, हे देखभालीच्या करारात लिहिलेलं हवं.

इंजेक्शनांच्या सुरक्षिततेवर काटकसर करू नका. बेव्हासिझुमॅबची बाटली कर्करोगाच्या मात्रेची असते, तिच्यातून अनेक डोळ्यांचे डोस काढतात. ते काम गाळलेल्या हवेच्या निर्जंतुक लॅमिनार फ्लो कपाटातच व्हायला हवं आणि प्रत्येक सिरिंजवर बॅच क्रमांक हवा. एका बाटलीत जंतू गेले की एकाच दिवशी अनेक डोळे जातात. औषध 2 ते 8 अंशांत ठेवायचं, गोठवायचं नाही, आणि पावसाळ्यात वीज जाते तेव्हा फ्रिजचं तापमान कुणी नोंदवतं का, हे आपण विचारा. इंजेक्शनाआधी 5 टक्के पोव्हिडोन आयोडीनचे थेंब, पुरेसा वेळ देऊन. एवढं केलं की जंतुसंसर्ग फार विरळा होतो, पण झालाच तर बहुधा दोन ते पाच दिवसांत दुखणं, लाली आणि उतरती नजर दिसते, आणि तेव्हा तास मोजायचे असतात. व्हॅन्कोमायसिन 1 मिलिग्रॅम आणि सेफ्टाझिडीम 2.25 मिलिग्रॅम ही प्रतिजैविकं डोळ्यात द्यायची सोय रविवारीही हवी. घरी जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात मराठीत आणि कोंकणीत चिठ्ठी हवी, तिच्यावर उचलला जाणारा फोन नंबर.

चौथी तक्रार अपुऱ्या दिवसांच्या बाळांची. इथे चूक झाली तर माणूस सत्तर वर्षं आंधळा जगतो, म्हणून हिच्यावर आम्ही जास्त अडून आहोत. 34 आठवड्यांच्या आत जन्मलेलं किंवा 2000 ग्रॅमपेक्षा कमी वजनाचं बाळ असेल तर जन्मापासून तिसाव्या दिवसाच्या आत पडद्याची पहिली तपासणी झालीच पाहिजे. 28 आठवड्यांच्या आतलं किंवा 1200 ग्रॅमच्या आतलं असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. अशा बाळाच्या पडद्यातल्या रक्तवाहिन्या कडेपर्यंत पोचलेल्या नसतात. प्राणवायू जास्त झाला, बाळ आजारी पडलं, वजन वाढलं नाही, की त्या वेड्यावाकड्या वाढतात आणि पडदा सोडवून नेतात. उपचार ठरला की लेसर किंवा इंजेक्शन दोन-तीन दिवसांत, उग्र प्रकारात त्याहूनही लवकर. गंमत अशी की बाळ बरं होऊन विसाव्या दिवशी घरी गेलं तर आई-वडिलांना आनंदच होतो आणि तिसावा दिवस घरी उजाडतो. म्हणून घरी सोडण्याच्या कागदावर ‘डोळे तपासा’ एवढं लिहून चालणार नाही. तारीख, वार, खोली लिहा. त्या दिवशी बाळ आलं नाही तर त्याच संध्याकाळी फोन करायची जबाबदारी एका नावाने ठरवा. नवजात विभागात प्राणवायू मिसळून देणारं यंत्र आणि बाळाच्या रक्तातल्या प्राणवायूची पातळी साधारण 90 ते 95 टक्क्यांत ठेवण्याची शिस्त ही डोळे वाचवण्याचीच साधनं आहेत, खरेदीच्या यादीत ती मागे टाकू नका.

पाचवी, सुटलेल्या पडद्याची. अचानक प्रकाशाच्या चमका, नव्या तरंगणाऱ्या काळ्या माश्या, एका बाजूने वर किंवा खाली येणारी सावली. जाड उणे नंबरचा चष्मा असणाऱ्याला, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्याला, डोळ्याला मार लागलेल्याला हा धोका जास्त. नुसती फाट असेल तर भोवती लेसर करून त्याच दिवशी घरी जाता येतं. पडदा सुटला पण पीतबिंदू अजून चिकटून आहे, तर ऑपरेशन एक-दोन दिवसांत हवं. पीतबिंदूही सुटला असेल तर आठवड्याच्या आत. असा माणूस शुक्रवारी दुपारी आरोग्य केंद्रात आला आणि त्याला सोमवारची चिठ्ठी मिळाली, तर त्या चिठ्ठीने डोळा घेतला. अपघात विभागातल्या डॉक्टरला थेट फोन करता येईल असा एक क्रमांक हवा.

ऑपरेशननंतरचंही सांगतो. डोळ्यात वायू भरला असेल तर तो एसएफ6 प्रकारात साधारण दोन आठवडे, सी3एफ8 मध्ये सहा-आठ आठवडे टिकतो. त्या काळात विमान वर्ज्य, आणि इथल्या माणसाला आवर्जून सांगायचं म्हणजे चोर्ला किंवा अनमोड घाट चढून बेळगाव-हुबळीकडे जाणंही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. उंचीवर वायू फुगतो, डोळ्यातला दाब चढतो. सिलिकॉन तेल घातलं असेल तर ते सहसा तीन ते सहा महिन्यांत काढायचं असतं. राहून गेलं तर त्याचे बारीक थेंब होतात, काचबिंदू होतो, बुबुळ गढूळ होतं. डोळ्यात तेल घेऊन फिरणाऱ्या रुग्णांची राज्यभराची एक नोंदवही ठेवा आणि तारीख टळलेल्यांना बोलवा. एका कारकुनाचं आठवड्यातून अर्ध्या दिवसाचं काम आहे.

उरलेलं थोडक्यात. एका डोळ्याची नजर क्षणात, न दुखता पूर्ण गेली तर ती पडद्याची मुख्य धमनी बंद झाल्याची खूण असू शकते. तो डोळ्यातला पक्षाघात आहे, त्या माणसाला पक्षाघातासारखंच तातडीने इस्पितळात न्यायचं, थेंब देऊन घरी पाठवायचं नाही. संधिवाताच्या हायड्रॉक्सीक्लोरोक्विन गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनी सुरुवातीच्या वर्षात एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी पडदा तपासायला हवा. ल्युटिन-जस्ताच्या गोळ्यांचा उपयोग उतारवयातल्या पीतबिंदूच्या झिजेत ठरावीक टप्प्यावर सिद्ध झालेला आहे. मधुमेहाच्या पडद्याला त्या देऊन रुग्णाला उपचार चालू असल्याचा समज करून देऊ नये. आणि रातांधळेपणाच्या आनुवंशिक आजारावर कुणी खात्रीचे थेंब विकत असेल तर त्याच्यावर कारवाई करा. त्या घरांना आनुवंशिक सल्ला, भिंगं, चालण्याची काठी आणि प्रमाणपत्र हवं आहे, आणि ते एका खिडकीवर मिळायला हवं.

आमच्या मागण्या अशा:

मधुमेहाच्या वहीत पडद्याच्या तीन चौकटी, येत्या छपाईपासून.

प्रत्येक तालुक्यात आठवड्याचा एक ठरलेला वार पडद्याच्या फोटोसाठी. वार आणि वेळ पंचायतीच्या फलकावर लावलेली.

नव्या वाहिन्या सापडल्या तर आठवड्यात, पीतबिंदूला सूज असेल तर महिन्यात उपचार सुरू. किती जणांना उशीर झाला, हे दर तिमाहीला जाहीर.

इंजेक्शनांच्या पूर्ण क्रमाला एकच मंजुरी, आणि कुठली औषधं योजनेत आहेत याची यादी सर्वांना पाहता येईल अशी.

अपुऱ्या दिवसांच्या प्रत्येक बाळाची तिसाव्या दिवसाआधीची तारीख, आणि गैरहजर बाळाला त्याच दिवशी फोन.

सुटलेल्या पडद्यासाठी आणि इंजेक्शननंतरच्या संसर्गासाठी सुट्टीच्या दिवशीही चालणारा एक क्रमांक.

यातली कुठली मागणी कधीपर्यंत होईल आणि कुठली होणार नाही, हे कारणासह लेखी कळवावं. चतुर्थीपूर्वी कळवलंत तर बरं, कारण त्यानंतरचे दोन महिने तारखा चुकलेल्या रुग्णांना पुन्हा शोधण्यात जातात, आणि त्या याद्या आम्ही आतापासूनच करायला घेतल्या आहेत.

आपले,
गोव्यात डोळ्यांच्या पडद्याच्या तपासणीचं आणि उपचारांचं काम करणारे काही जण